डोळ्याची करवंटी : एका अंगणवाडीच्या परसबागेचं प्रकरण

आमच्या अंगणवाडीच्या मागच्या वाफ्यात एका सकाळी झेंडूची अकरा रोपं डौलात उभी होती. आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात ती मीच लावली होती. लेकरांनी पेरलेलं काहीच टिकलं नव्हतं. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून मी अंबाजोगाईहून तयार रोपं आणली. "बघा, तुमचं बी उगवलं!" मी म्हणाले. लेकरांनी टाळ्या पिटल्या. एक पाच वर्षांचा पोरगा तेवढा पुढं आला, उकिडवा बसला, एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बाई, हे मपलं नाही."

मपलं म्हणजे माझं, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी. त्यानं भेंडी पेरली होती आणि कुठं पेरली ते त्याला नेमकं ठाऊक होतं, कारण तो रोज ती उकरून बघत होता. चोरी पकडल्यासारखी मी गप्प झाले. त्या आधीचे अडीच महिने काय चुकलं आणि नंतरच्या सहा महिन्यांत काय जमलं, ते इथं लिहिते.

जागा, लेकरं आणि पाणी

गाव अंबाजोगाई तालुक्यातलं, लातूर जिल्ह्याच्या हद्दीजवळचं. पटावर एकोणीस लेकरं, रोज येणारी तेरा-चौदा. एक खोली, तिच्यामागं दहा बाय बारा फुटांचा उघडा तुकडा, कडेला कडुलिंबाचं झाड. माती भारी काळी. हातपंप शंभर पावलांवर, आणि उन्हाळ्यात तो नुसता खडखडतो.

पाण्याचा विषय निघाला तो पारावरच्या एका आबांमुळं. त्यांची नात आमच्याकडं येते. मी लेकरांच्या हातात पेले दिले, ते त्यांनी बघितलं. "2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं बाई, अन् तुम्ही लेकरांना पाणी सांडायला शिकवायलाव?" आबांचं काही चुकलं नव्हतं. ती रेल्वे ज्यांनी बघितली त्यांना पेलाभर पाणीही मोजून दिसतं. मी त्यांना उत्तर दिलं नाही. नंतर मात्र पाण्याचा सगळा हिशेब त्यांच्या बोलण्यावरच बसवला.

दुसरी अडचण वयाची. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं एकत्र बसतात. पाच वर्षांचं लेकरू दाणे मोजून पेरतं, तीन वर्षांचं तेच दाणे तोंडात टाकतं. परसबागेच्या कागदावर दोघंही 'लाभार्थी'.

जूनमधली चूक

मी शेतकऱ्याच्या घरातली. मृगाचा पाऊस पडला की पेरायचं, हे अंगात भिनलेलं. गावात सोयाबीनच्या तिफणी निघाल्या, तशी मीही तालुक्याहून बियाण्याची पाकिटं आणली : भेंडी, वांगी, टोमॅटो, झेंडू. लेकरांना गोल बसवून भेंडीचं पाकीट फोडलं तर आतलं बी गुलाबी. रंग बघून सगळी हरखली. एकीनं दाणा ओठांना लावून लाली केली. मदतनीस मावशींनी झडप घातली तिच्यावर. "अवो बाई, हे औषध लावलेलं बी हाय!"

खरंच होतं. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, थायरमसारखं, आणि ओळखू यावं म्हणून रंग दिलेला असतो. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. शेतावर असं बी आपण उघड्या हातानं बिनधास्त पेरतो, त्यामुळं माझी नजर त्या ओळीवर गेलीच नाही. सगळ्यांचे हात साबणानं धुतले, तिचं तोंड धुतलं, दिवसभर जिवाला घोर. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून विकतचं रंगीत बी लेकरांच्या हातात द्यायचं बंद केलं. स्वयंपाकघरातले मेथ्या, धने, हरभरे, नाहीतर घरच्या वाळल्या शेंगेतलं बी. ते उगवतं, आणि चुकून तोंडात गेलं तरी औषधाची भीती नसते. राजमा आणि वाल मात्र यात धरू नका, ते कच्चे पोटात गेले तर बाधतात. कुंपणावरचं एरंडाचं, धोतऱ्याचं आणि गुंजेचं बी दिसायला देखणं, पण विषारी. ते मावशींनी आधीच उपटून टाकलं.

पिकं निवडली तीही मोठ्या माणसाच्या हिशेबानं. टोमॅटो-वांग्याचं बी टाकायचं, रोप करायचं, ते उचलून लावायचं, मग फूल, मग फळ. हाती यायला तीन महिने. तीन वर्षांच्या लेकराला 'उद्या' कसाबसा कळतो, 'दसऱ्यानंतर' कळत नाही.

मातीनंही साथ दिली नाही. भारी काळ्या मातीवर पाऊस पडून ऊन तापलं की वर पपडी धरते. शेतात ती फोडायला अवजार फिरतं, इथं कोण फोडणार? कोवळा कोंब खालच्या खाली वाकडा होऊन मेला. जे वर आलं ते कोंबड्यांनी उकरलं, जे त्यातून वाचलं ते शेजारच्या शेळीनं एका दुपारी साफ केलं. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली. आणि या सगळ्याच्या वर लेकरांची उकराउकर. पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरायचं, बघायचं, परत पुरायचं. मी रागवायचे. आता वाटतं, त्यांचं काही चुकत नव्हतं. बी मातीआड झालं की लेकराच्या लेखी ते हरवलं, आणि हरवलेलं शोधायला नको?

मग ती झेंडूची रात्र आली. रोपं विकत आणण्यात काही पाप नाही. ती लेकरांच्या नावावर खपवायची नव्हती.

घटाच्या मातीपासून

पुढची वाट मला नवरात्रानं दाखवली. घट बसवायचे म्हणून मी शेतातली माती चाळत होते आणि एकदम वाटलं, पिढ्यान्‌पिढ्या आपण घरातल्या घरात बी उगवून बघतोच की. पत्रावळीवर मातीचा थर, मधे घट, भोवती गहू, ज्वारी आणि जे धान्य घरात असेल ते. रोज थोडं पाणी, रोज एक माळ. आमच्याकडं तरवडाची नाहीतर कारळ्याची फुलं माळेला. लेकरांना तारीख कळत नाही, माळ कळते. 'गहू तिसऱ्या माळेला उगवतो', हे त्यांना समजायला कॅलेंडर लागत नाही.

गणपतीत फुटलेल्या नारळांच्या करवंट्या मावशींनी चुलीसाठी साठवल्या होत्या. त्या मागून घेतल्या. काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि बारीक वाळू, तिन्ही सारखी. कच्चं शेण घेतलं नाही. ते तापतं आणि त्याच्यासोबत हुमणीही येते. प्रत्येकाला एक करवंटी आणि तळहातावर पाच दाणे गहू.

पाचव्या माळेला निम्म्या करवंट्यांतून हिरवी पाती वर आली होती आणि निम्म्यांना अंबूस वास सुटला होता. एक पोरगी आपली करवंटी नाकाशी धरून रडायला लागली. मी म्हणाले, पाणी जास्त झालं असेल. तोच भेंडीवाला पोरगा दोन करवंट्या घेऊन आला, एक उगवलेली, एक सडलेली. दोन्ही उलट्या करून त्यांची बुडं बघितली आणि म्हणाला, "हिला डोळा हाय."

नारळ मधोमध फुटला की तिन्ही डोळे एकाच वाटीत जातात. त्या तिघांतला एक मऊ असतो, आतला कोंब तिथूनच बाहेर येतो. नारळ खवताना किंवा पाणी काढताना बहुतेक वेळा तो फुटलेलाच असतो. म्हणजे एका वाटीला बुडाशी आपोआप भोक, दुसरीला काहीच नाही. बिनडोळ्याच्या वाटीत पाणी तुंबलं आणि गहू कुजला. मुळांनाही हवा लागते, हे सांगायला मी एक गोष्ट रचून ठेवली होती, तिची गरजच पडली नाही. मी खिळ्यानं भोक पाडायला गेले तर दोन करवंट्या तडकल्या. शेवटी ठरलं : डोळ्याच्या करवंट्या पेरायला, बिनडोळ्याच्या पाणी घालायला. बिनडोळ्याची वाटी हा आमचा पेला झाला. तिच्यात पाणी बेताचंच मावतं, त्यामुळं आबांनाही बोलायला जागा उरली नाही.

सातव्या माळेला त्यांच्याच नातीनं विचारलं, "देवाचा गहू पिवळा कामून? मपला तर हिरवा." देवघरात घटाचा गहू समईच्या उजेडात वाढतो, म्हणून पिवळट आणि उंच, लेचापेचा. अंगणातला ठेंगणा, हिरवा. मी उत्तर न देता एक करवंटी पाटीखाली झाकायला लावली. दसऱ्याला पाटी उचलली तेव्हा त्या पात्यांची मधली नवी वाढ पिवळी होती. "देवासारखा झाला!" ती ओरडली. प्रकाशावर मी तेव्हा काही बोलले नाही. ती करवंटी परत उन्हात ठेवली, बाकीचं ऊन सांगेल म्हणून.

उकरण्याचं काय केलं, तेही इथंच सांगते, कारण मला विचाराल तर या सगळ्यातला सगळ्यात कामाचा उपाय तोच. एक करवंटी 'उकरायची' म्हणून ठेवली. तिच्यात दहा-बारा दाणे जास्तीचे पेरायचे आणि रोज एक लेकरू येऊन एक दाणा उकरून काढणार, सगळ्यांना दाखवणार. पहिल्या दिवशी दाणा फुगलेला, दुसऱ्या दिवशी पांढरं टोक, तिसऱ्या दिवशी मुळाला केस. आपल्या करवंटीतला दाणा न दिसताही आतमध्ये काय चाललंय ते कळायला लागलं, तशी बाकीची उकराउकर आठवडाभरात थांबली. पारदर्शक बाटली कापून तिच्या कडेला ओल्या कापडात वालही लावले होते, म्हणजे मूळ खाली आणि कोंब वर जाताना दिसतो. ते मोठ्यांना फार आवडलं. लेकरांना हातानं उकरायचंच होतं.

नाकातला हरभरा

दसऱ्यानंतर वाफा नव्यानं केला. त्याच मिश्रणाची माती, विटांनी पाडलेले हातभर चौकोन, भोवती गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा कूड. तुराट्या आबांनी दिल्या, कुरकुरत. विटा आम्ही दोघींनीच हलवल्या, कारण आमच्याकडं विटेखाली विंचू सापडणं नवलाचं नाही.

पेरायला हरभरे वाटले आणि तीन वर्षांच्या एका पोरानं एक दाणा नाकात घातला. त्याच्या चुलतीनं घाईत केसातली पिन घालून तो काढायचा प्रयत्न केला, दाणा आणखी आत गेला. तालुक्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला, पण ती वाट मला तासाभराची वाटली. कडधान्य नाकातल्या ओलाव्यानं फुगतं. घरी पिन, चिमटा, पाणी यातलं काही करू नये, सरळ डॉक्टरांकडं न्यावं. त्यानंतर एक शिस्त पडली : दाणे मोजून द्यायचे, तळहातावर पाच, मातीत पाच, मगच पुढचं लेकरू. तीन वर्षांच्यांना दाणेच द्यायचे नाहीत. ती माती भरतात, पाणी घालतात आणि उगवल्यावर हात लावतात. त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. नखं दर सोमवारी कापायची, मातीतून उठलं की साबण.

खुडण्यानं वाढणारं

हिवाळा सुरू होताना आमच्या भागात लेकरांची बाग खरी जमते, पावसाळ्यात नाही. शेतकऱ्याला हे सांगितलं तर हसेल, पण लेकरांना पीक काढायचं नसतं, बघायचं असतं. कार्तिकात पपडी नाही, धो-धो पाऊस नाही, ऊन मऊ असतं.

मेथी चौथ्या दिवशी वर आली आणि महिन्याभरात काढायला झाली. मुळाही लवकर येतो, आणि उपटताना जो 'टच्‌' आवाज येतो त्यासाठी तो लावावाच. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे, मग पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस, कधी बाराही. मोठ्या लेकरांनी वाट बघितली, धाकटी कोथिंबिरीला विसरून गेली. मुळ्यावर मावा पडला तेव्हा निंबोळीचा अर्क मी लेकरं घरी गेल्यावर फवारला, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून गाळलेली. एक चौकोन न फवारता ठेवला, कारण तिथं ढालकिडे मावा खायला आले होते आणि लेकरं त्यांच्या पाठीवरचे ठिपके मोजत बसली होती.

पण खरी बाजी मारली हरभऱ्यानं. लहान लेकराचा हात झाडाजवळ गेला की काहीतरी खुडणारच. जूनमध्ये मी दिवसभर 'तोडू नको, तोडू नको' म्हणून घसा बसवला होता. हरभरा महिन्याचा झाला की त्याचे शेंडे खुडायचेच असतात, त्यानं फांद्या फुटतात. शेंड्यांची भाजी होते. म्हणजे जे केलं म्हणून लेकरू बोलणी खातं, नेमकं तेच झाडाला हवं असतं. "आज खुडा," मी म्हणाले, तेव्हा ती क्षणभर माझ्या तोंडाकडंच बघत राहिली.

सकाळी हरभऱ्यावर आंब असते, पानांवरचे आंबट थेंब. पानावर बोट फिरवून ते चाटायचं हा कार्यक्रम जानेवारीपर्यंत रोज चालला. तोंड वाकडं करायचं आणि परत बोट फिरवायचं. आंबेचे हात डोळ्याला लावू नका, एवढं मात्र रोज सांगावं लागलं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आबांची नात मूठभर मेथी आणि शेंडे घेऊन शेतात गेली. लातूरला लागून असल्यानं आमच्या गावातही काही घरांत येळवस असते. तिथं भज्जीच्या, म्हणजे सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या कालवणाच्या, पातेल्यात तिची मूठ पडली. एवढ्या मोठ्या पातेल्यात ती कुठं दिसणार? पण आबा दुसऱ्या दिवशी मला सांगायला आले, "आमच्या बयेनं पातेल्यापाशी बसून सगळ्यांना सांगितलं, ह्यात मपली मेथी हाय म्हणून." ज्यानं लावलं तो खातो, असं जे म्हणतात ते आमच्याकडं अर्धंच खरं निघालं. चार-पाच जणांनी आपली मेथी कच्चीच खाल्ली. एकानं थुंकून टाकली आणि मला म्हणाला, "तुम्ही खा."

सुगडं

संक्रांत झाली की सुगडं घराघरात कोपऱ्यात पडून असतात. मी लेकरांना एकेक आणायला सांगितलं. आधी पाणी भरून ठेवलं : ज्यांच्या अंगाला बाहेरून ओल आली ती कामाची, ऑइलपेंट दिलेली कोरडी राहिली, ती परत. चांगली सुगडं गळ्यापर्यंत मातीत पुरली, तोंडावर पणती, म्हणजे डास नको आणि वाफ नको. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपत राहतं, मूळ त्याच्याकडं आपणहून जातं. आमच्या सुगडात तीन वाट्या पाणी बसायचं. फेब्रुवारीत ते एक दिवसाआड भरलं, मार्चमध्ये रोज. हे पाणी वेगळं आणलेलं नव्हतं. खिचडीचे तांदूळ-डाळ धुतलेलं आणि लेकरांच्या बाटल्यांत उरलेलं. साबणाचं पाणी कर्दळीकडं. आबा एकदा येऊन पणती उचलून आत बघून गेले, बोलले काहीच नाही.

त्या सुगडाशेजारी भेंडी लावली. बी घरचं, रात्रभर भिजवलेलं. भेंडीवाल्या पोरानं पाच दाणे पेरले, वर आले तीन. थंडीमुळं जरा जास्तच दिवस लागले. त्यानं आपल्या चौकोनात एकदाही बोट घातलं नाही, रोज उकरायच्या करवंटीपाशी जाऊन बघायचा आणि परत येऊन बसायचा. मार्चअखेर पहिली भेंडी आली. देठाशी लव टोचते म्हणून मी ती काढून द्यायला गेले, तर त्यानं माझा हात बाजूला केला. एकूण सात भेंड्या निघाल्या. त्यातली एक त्यानं झाडावरच वाळू दिली, बियांसाठी.

सगळ्यांचंच असं झालं नाही. तिघांना बागेत शेवटपर्यंत गोडी लागली नाही, एकीला फक्त पाणी ओतायला आवडायचं, तिला मी सगळ्यांच्या सुगडांवर नेमलं. चार सुगडं पायाखाली फुटली. झेंडूच्या अकरा रोपांपैकी सहा जगली होती. त्यांची फुलं आम्ही दसऱ्याला दाराला लावली होती. ती कुणाची, असं कुणीच विचारलं नाही.

जूनमध्ये तो पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेला. यंदा मृगात मी एकही पाकीट आणलं नाही. श्रावणात नारळ फुटायला लागले, तशा मावशी करवंट्या आणून ओट्यावर टाकायला लागल्या. परवा शाळा सुटल्यावर तो दप्तरासकट आला, ओट्यावर बसला आणि कुणी न सांगता करवंट्या उलट्या करून निवडायला लागला. दोन ढीग. तीन वर्षांची एक नवी पोरगी शेजारी येऊन बसली, तिनं एक उचलून चुकीच्या ढिगात टाकली. त्यानं ती परत काढली, तिचं बोट धरून बुडावर टेकवलं.

"बघ, ह्याला डोळाच नाही."